बेट, रुग्णालय आणि प्रेमकथा : कोटणीस ते हेमलकसा

चरित्रात्म साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधांचा विचार मराठीत बहुधा कादंबरीच्या माध्यमांतरापुरता मर्यादित राहिला आहे. ‘श्यामची आई’सारख्या एखाद्या कृतीचा अपवाद सोडला तर आत्मकथन वा चरित्र पडद्यावर येताना त्याच्या आशयाचे नेमके काय होते, याची चिकित्सा फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका छोट्या कथाप्रकाराचा विचार करावयाचा आहे. जगापासून तुटलेल्या एखाद्या ठिकाणी सेवेसाठी गेलेले डॉक्टर, तेथील रुग्ण, आणि त्या सेवेच्या धकाधकीत दोन सहकाऱ्यांमध्ये उमलणारे वा तग धरणारे प्रेम, असा या कथाप्रकाराचा साधा सांगाडा आहे. पाश्चात्त्य चित्रपटात हे ठिकाण पुष्कळदा उष्ण कटिबंधातले एखादे बेट असते. मराठी माणसांच्या अनुभवातून आलेल्या अशा दोन कथांमध्ये ते एकदा उत्तर चीनमधील युद्धग्रस्त डोंगराळ प्रदेश आहे, तर एकदा गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचे अरण्य. दोन्ही ठिकाणी समुद्र नाही. तरीही कथेच्या दृष्टीने ही दोन्ही बेटेच आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

बेट म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. भूगोलाच्या पुस्तकातील व्याख्या येथे अभिप्रेत नाही. जेथे जाणे कठीण आणि जेथून परतणे त्याहून कठीण, जेथे आलेल्या माणसाची जात, कुळ, घराण्याची प्रतिष्ठा, बँकेतील शिल्लक यांना काहीही किंमत उरत नाही, आणि जेथे माणसांची संख्या इतकी मर्यादित असते की प्रत्येकाला प्रत्येकाशी संबंध जोडावाच लागतो, असा बंदिस्त अवकाश म्हणजे कथेतील बेट. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधील (१९३९) बोट या अर्थाने बेटच आहे. चक्रधर आणि हॅर्टा यांची भेट मुंबईत वा बर्लिनमध्ये झाली असती तर ती कादंबरी झालीच नसती. दोन बंदरांमधील पाणी हेच त्या प्रेमाचे वय आहे. बेटावरील प्रेमकथेला अशी कालमर्यादा नेहमीच असते, आणि तिच्यामुळेच साध्या संवादांनाही ताण येतो.

आता या बेटावर रुग्णालय उभे केले की काय घडते? प्रेमकथेतील अडथळ्याचे स्वरूपच बदलते. फडके-खांडेकर कालखंडातील कादंबरीत प्रेमाच्या वाटेत समाज, कुटुंब, आर्थिक विषमता किंवा स्वतःचे ध्येय उभे असते. रुग्णालयाच्या बेटावर यांतील पहिली तीन जवळजवळ नाहीशी होतात. कारण नाके मुरडायला तेथे कोणी नसते. उरते ते ध्येय, आणि तेही विचाराच्या रूपात नव्हे, तर दारात येऊन पडलेल्या रुग्णाच्या रूपात. प्रेमिकांचा प्रतिस्पर्धी तिसरा माणूस नसतो, रात्री-अपरात्री येणारी हाक असते. म्हणून या कथांमध्ये एकांताची दृश्ये कमी आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवतीची दृश्ये अधिक असतात. नायक-नायिका एकमेकांकडे फार वेळ पाहत नाहीत. ती दोघे मिळून तिसऱ्या कोणाकडे तरी पाहत असतात. हे या कथाप्रकाराचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अंगी रस वीर, आणि तोही दयावीर. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वीराचे दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे चार प्रकार मानले आहेत. त्यांपैकी दयावीराला आधुनिक साहित्यात फार थोडी उदाहरणे मिळतात. सेवाव्रती डॉक्टर हा त्याचा आधुनिक अवतार म्हणता येईल. शृंगार हा या कथेत अंगरूपाने येतो. मात्र चित्रपट हा व्यवसाय असल्याने तेथे अंगाचा अंगी होण्याचा धोका कायम असतो. सेवेची कथा प्रेमकथा म्हणून सांगितली की प्रेक्षकाला ती आपली वाटते, तिकिटे खपतात, डोळे पाणावतात. परंतु ज्याच्यासाठी ही दोघे तेथे गेली, तो रुग्ण हळूहळू पार्श्वभूमीत सरकतो. ही सरकण्याची प्रक्रिया पाहणे हा या लेखाचा खरा विषय आहे.

पाश्चात्त्य उदाहरणे थोडक्यात पाहू. सेसिल डीमिल यांचा ‘द स्टोरी ऑफ डॉ. वॅसेल’ हा चित्रपट १९४४ चा. १९४२ मध्ये जावा बेटावर जपानी सैन्य उतरत असताना जखमी अमेरिकन नाविकांना तेथून बाहेर काढणाऱ्या एका नौदल डॉक्टरची ही कथा. गॅरी कूपरने ती भूमिका केली. हे डॉक्टर प्रत्यक्षातील, घटनाही प्रत्यक्षातील. चित्रपटाने त्यांच्याभोवती परिचारिकेबरोबरची प्रेमकथा विणली. योगायोग असा की, हे डॉ. वॅसेल पूर्वायुष्यात चीनमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून राहिलेले होते. ‘साउथ पॅसिफिक’ (१९५८) या संगीतपटात अमेरिकन नौदलातील परिचारिका आणि बेटावरील फ्रेंच मळेवाला यांचे प्रेम आहे. तेथे रुग्ण नावालाच आहेत. मात्र वंशभेदाचा प्रश्न त्या चित्रपटाने पुढे आणला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. या दोन्ही चित्रपटांत बेटावरील मूळ रहिवाशांचे स्थान काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही. ती माणसे म्हणजे वाट दाखवणारी, गाणारी वा मदत करणारी आकृती. त्यांना प्रेम करण्याचा अधिकार बहुधा पाहुण्यांच्याच संदर्भात मिळतो.

डॉ. वॅसेलवरील चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराने ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आणला. तो हिंदी असला तरी मराठी अभ्यासकाने त्याला आपल्या कक्षेत घेण्यास हरकत नसावी. नायक सोलापूरचा, दिग्दर्शक कोल्हापूरचा, संगीत वसंत देसाईंचे, आणि पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास यांच्याबरोबर व्ही. पी. साठे यांचा वाटा. शिवाय चित्रपटाचा आधार एक ग्रंथच आहे. अब्बास यांनी १९४४ मध्ये वैद्यकीय पथकाची हकिगत इंग्रजीत लिहिली होती. तिच्या शीर्षकाचा आशय ‘एक परत आला नाही’ असा आहे. ग्रंथाचे शीर्षक न परतण्याविषयी बोलते, तर चित्रपटाचे शीर्षक अमरत्वाविषयी. या दोन शीर्षकांमधील अंतर हेच माध्यमांतराचे पहिले पाऊल होय.

प्रत्यक्षातील घटनाक्रम असा. जपानशी लढणाऱ्या चीनकडून मदतीची विनंती आल्यानंतर राष्ट्रीय सभेने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्या वेळी सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते, आणि या उपक्रमाला जवाहरलाल नेहरूंचा सक्रिय पाठिंबा होता. पथकाचे नेते डॉ. अटल अलाहाबादचे, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी कलकत्त्याचे, डॉ. कोटणीस सोलापूरचे, आणि पाचवे डॉ. चोळकर नागपूरचे. विदर्भातील वाचकाला हे शेवटचे नाव अपरिचित असण्याची शक्यता मोठी आहे. जो परत आला त्याची कहाणी ‘अमर’ होत नाही, हा चरित्रवाङ्मयाचा एक निष्ठुर नियमच म्हणावयास हवा. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० चा, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबई सोडली. १९३९ च्या प्रारंभी ते येनानला पोहोचले. पुढे कोटणीस आघाडीमागच्या डोंगराळ प्रदेशात गेले आणि १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथील परिचर्या विभागात शिकविणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी त्याच वर्षी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा मृत्यू झाला. वय ३२.

एक वर्षाचा संसार, साडेतीन महिन्यांचे मूल, आणि मृत्यूचे कारण अपस्मार. पटकथाकाराच्या दृष्टीने यांतील पहिल्या दोन गोष्टी सोयीच्या आणि तिसरी गैरसोयीची. अपस्मार हा रोग वीरमरण देत नाही. तो युद्धाने आलेला नाही, रुग्णाकडून आलेला नाही. म्हणून चित्रपटातील कोटणीस प्लेगवर उपाय शोधण्यासाठी स्वतःच्या देहावर प्रयोग करतात. ते जपान्यांच्या हाती सापडतात आणि निसटतात. मृत्यूचे कारण सेवेशी जोडले जाते. हा बदल केवळ नाट्यमयतेसाठी झाला असे म्हणणे अपुरे ठरेल. दयावीराचा मृत्यू हा त्याच्या दयेचेच फळ असावा लागतो, अन्यथा रसपरिपोष होत नाही. चरित्रातील यदृच्छेला कथेतील कार्यकारणभाव देणे, ही या प्रकाराची मूलभूत गरज आहे. आमच्या मते मात्र मूळ घटनेत अधिक खोल शोकात्मता आहे. दिवसेंदिवस इतरांचे प्राण वाचविणारा माणूस आपल्या स्वतःच्या आजाराकडे दुर्लक्ष करून काम करीत राहतो, आणि त्याच्या मरणाला कोणताही अर्थ चिकटत नाही. हे दाखविण्यास १९४६ चा चित्रपट धजला नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना अर्थशून्य मृत्यू कोणाला पाहावयाचा होता?

चित्रपटाचा शेवट मात्र असामान्य आहे, आणि त्यावर थांबावयास हवे. मृत्युशय्येवरील नायक पत्नीला आपल्या घरी जाण्यास सांगतो. तेथे तिला काय काय दिसेल, कोण कसे स्वागत करील, याचे तो वर्णन करतो. त्याचा आवाज चालू असताना पडद्यावर मात्र ती मूल घेऊन तेथे पोहोचलेली दिसते. मरणाऱ्याचे स्वप्न आणि जिवंत राहिलेलीचा प्रवास एकाच दृश्यमालिकेत गुंफले जातात. कथनमीमांसेच्या दृष्टीने ही रचना फार गुंतागुंतीची आहे. निवेदक मरत आहे, निवेदनाचा काळ भविष्यकाळ आहे, आणि दृश्याचा काळ वर्तमान आहे. विप्रलंभ आणि करुण यांच्या सीमेवरचा असा प्रसंग शब्दांत उभा करावयाचा तर लेखकाला पाने खर्ची घालावी लागली असती. येथे तो आवाज आणि चित्र यांच्या फारकतीतून सहज सिद्ध होतो. चित्रपट साहित्याहून वेगळे काय करू शकतो, हे वर्गात दाखवावयाचे असेल तर याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

परंतु याच दृश्याला दुसरी बाजू आहे. त्या प्रवासात चिंगलानला स्वतःचा आवाज नाही. ती पतीच्या शब्दांतून चालते. तिचे सासरी येणे हे त्याच्या स्मृतीचे परत येणे आहे. बेटावर भेटलेली स्त्री बेटावरून उचलून नायकाच्या घरात आणली की कथा पूर्ण होते, अशी ही धारणा आहे. शिवाय ही भूमिका जयश्री यांनी केली, म्हणजे पडद्यावरील चीन हा मराठी नटीच्या चेहऱ्याने आणि हिंदी भाषेतून बोलतो. त्या काळच्या निर्मितीव्यवस्थेत याला पर्याय नव्हता हे खरे. तरीही परिणाम असा होतो की, ज्या परक्या भाषेत शिरण्यासाठी कोटणीसांनी परिश्रम घेतले, जी भाषा शिकल्यामुळेच ते तेथे शिकवू शकले आणि एका स्त्रीशी संसार मांडू शकले, ती भाषाच चित्रपटातून नाहीशी होते. भाषा शिकणे ही या प्रेमकथेतील सर्वांत मोठी घटना होती. पडद्यावर ती घडतच नाही.

प्रत्यक्षातील क्वो चिंगलान यांचे आयुष्य चित्रपटानंतर ६६ वर्षे चालू राहिले. त्यांनी पुनर्विवाह केला. मुलगा वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये, ऐन पंचविशीच्या आत, वारला. त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या, कोटणीसांबरोबरच्या सहजीवनाच्या आठवणी त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रपटातील नायिकेचे आयुष्य पतीच्या मृत्यूने संपते आणि ती स्मारक होते. खरी स्त्री मात्र स्मारक झाली नाही, जगली. ‘अमर कहानी’ या शीर्षकातील अमरत्वाची किंमत नेहमी जिवंत राहिलेल्यांकडून वसूल होते, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही.

आता दुसऱ्या बेटाकडे वळू. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पलीकडची गावे तुटतात. १९७० च्या दशकात तर हा सगळाच प्रदेश वर्षातले कित्येक महिने बाहेरच्या जगापासून अलग पडत असे. विदर्भातील ज्यांनी असे पावसाळे पाहिले आहेत, त्यांना बेट या शब्दासाठी समुद्राची आठवण काढावी लागत नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले. विवाहाला तेव्हा एकच वर्ष झालेले. वीज नाही, रस्ता नाही, भाषा येत नाही, आणि रुग्ण येत नाहीत.

या दोघांची ओळख नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील. ते शल्यक्रियेकडे वळलेले, त्या भूलशास्त्रातील. मराठीत ‘भूल’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो, हे सांगावयास नको. पण येथे शब्दार्थाच्या गमतीपेक्षा कामाचे स्वरूप महत्त्वाचे. शस्त्रक्रियेत भूल देणारा आणि कापणारा यांच्यात सतत, आणि बहुतांशी निःशब्द, असा संवाद चालू असतो. एकाची नजर जखमेवर, दुसऱ्याची श्वासावर. आपण वर म्हटले की, या कथाप्रकारात प्रेमिक एकमेकांकडे न पाहता तिसऱ्याकडे पाहतात. त्याचे इतके नेमके व्यावहारिक रूप क्वचितच आढळेल. ‘प्रकाशवाटा’ (२००९) या शब्दांकनातून सिद्ध झालेल्या आत्मकथनात प्रेमाविषयीची वाक्ये थोडी आणि कामाविषयीची पुष्कळ आहेत. मोतीबिंदूपासून अडलेल्या बाळंतिणीपर्यंत, ज्याचे रीतसर शिक्षण झालेले नाही तेही करावे लागले, याची हकिगत तेथे कोरड्या, जवळजवळ नोंदवहीच्या शैलीत येते. हा कोरडेपणा ही त्या पुस्तकाची शक्ती आहे. भावनेचा उच्चार टाळल्यामुळेच ती वाचकाच्या मनात उमटते.

समृद्धी पोरे दिग्दर्शित ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ हा चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी मुख्य भूमिकांत, तरुण मंदाकिनीच्या भूमिकेत तेजश्री प्रधान, तर बाबांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. शीर्षकातील एकवचन लक्षणीय आहे. मॅगसेसे पुरस्कार २००८ मध्ये पती-पत्नी दोघांना मिळून देण्यात आला होता. चित्रपटाच्या शीर्षकात मात्र ‘हीरो’ एकच. अर्थात चित्रपटात मंदाकिनींचे स्थान दुय्यम नाही, आणि सोनाली कुलकर्णी यांचा संयत अभिनय तर चित्रपटाची मोठी जमेची बाजू आहे. तरीही ‘की अमर कहानी’ आणि ‘द रिअल हीरो’ यांच्यात ६८ वर्षांचे अंतर असूनही व्याकरण तेच राहिले. दयावीर हा एकवचनी पुल्लिंगीच असावा लागतो, असा हा संकेत इतका पक्का आहे.

कोटणीसपटाच्या तुलनेत येथे एक मूलभूत अडचण होती. या कथेत मृत्यू नाही. नायक-नायिका बेटावर राहिली, टिकली, तेथेच त्यांची मुले वाढली, शाळा झाली, दवाखाना मोठा झाला, रस्ता आला. बेट बेट राहिले नाही. प्रेमकथेच्या रूढ रचनेला टिकून राहणे दाखविता येत नाही. तिला मीलन किंवा ताटातूट हवी असते. चाळीस वर्षांचा एकत्र संसार हा कादंबरीचा विषय होऊ शकतो, दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला तो प्रसंगांची माळ करून मांडावा लागतो. म्हणून चित्रपट प्राणी, रुग्ण, पोलीस, नक्षलवादी अशा प्रसंगांतून पुढे सरकतो. यांतील काही प्रसंग विलक्षण प्रभावी आहेत. परंतु दोन प्रसंगांच्या मधला काळ, जेव्हा रुग्ण येत नव्हते आणि दोघे नुसती वाट पाहत होती, तो काळ पडद्यावर नीटसा उमटत नाही. आत्मकथनात तोच सर्वांत जिवंत आहे.

येथे ‘समिधा’ या साधनाताई आमटे यांच्या आत्मकथनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू आणि वरोऱ्याचे वकील मुरलीधर आमटे यांचा १९४६ मधील विवाह, आणि नंतर कुष्ठरुग्णांसह माळरानावर थाटलेला संसार, ही या कुटुंबातील पहिली बेटावरची प्रेमकथा. योगायोगाने कोटणीसपटही त्याच वर्षीचा. साधनाताईंनी आपल्या पुस्तकासाठी निवडलेला शब्द पाहावा. यज्ञात ज्योत दिसते ती अग्नीची, समिधा जळून जाते. हा शब्द नम्रतेचा आहे, आणि नीट वाचल्यास तो हिशेबाचाही आहे. अग्नी कशावर जळला, याची नोंद त्यात आहे. चिंगलानला चित्रपटाने जो आवाज दिला नाही तो मराठीत साधनाताईंनी स्वतः घेतला. स्त्रियांच्या आत्मकथनांच्या परंपरेत, रमाबाई रानडे यांच्यापासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंत, थोर पुरुषाच्या पत्नीने लिहिलेले पुस्तक ही एक वेगळी शाखाच आहे. सेवाव्रतींच्या पत्नींची आत्मकथने या शाखेत स्वतंत्रपणे अभ्यासली गेली पाहिजेत. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय घ्यावा असे वाटते.

मेळघाटातील बैरागड येथे काम करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांची हकिगतही याच कुळातील आहे. वधूने चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी ठेवावी, पाच रुपयांत नोंदणी विवाह करावा, महिना चारशे रुपयांत संसार चालवावा, आणि स्वतःसाठी नव्हे तर इतरांसाठी भीक मागण्याची तयारी असावी, अशा डॉ. रवींद्र यांच्या चार अटी सर्वश्रुत आहेत. मृणालिनी चितळे यांच्या ‘मेळघाटावरील मोहोर’ या पुस्तकातून ही कथा मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. अटी घालणारा पुरुष आणि त्या स्वीकारणारी स्त्री ही रचना वरवर स्वयंवराच्या उलट दिसते. परंतु पण लावण्याचा अधिकार फक्त हातांतरित झाला आहे, नाहीसा झालेला नाही. स्मिताताईंनी पुढे त्या परिसरात जे स्वतंत्र काम केले ते पाहता, या कथेचा पूर्वार्ध अटींचा असला तरी उत्तरार्ध त्यांचा आहे, असे म्हणावे लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे. रुग्ण कोठे आहे?

केळापूर तालुक्यात बसून हा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती अतिअसुरक्षित आदिम जमाती म्हणून गणल्या जातात, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पडद्यावर हेमलकशाच्या दवाखान्यासमोर रांगेत बसलेले माडिया आणि आमच्या महाविद्यालयाच्या वर्गात बसणारी कोलाम पोडांवरची मुले यांच्यात शासकीय यादीतील एका ओळीचेच अंतर आहे. कोलामी आणि माडिया या दोन्ही द्रविड कुळातील भाषा. ही मुले असा चित्रपट पाहतात तेव्हा ती कोणाच्या जागी स्वतःला ठेवतात, हा केवळ प्रेक्षकशास्त्रातील प्रश्न राहत नाही. शहरी प्रेक्षक डॉक्टरच्या जागी उभा राहतो आणि पुण्याचा अनुभव घेतो. पोडावरून आलेल्या विद्यार्थ्याला उपलब्ध असलेली जागा पाहावयास गेले तर ती खाटेवरची आहे. प्रेम करणारी, विनोद करणारी, चुकणारी, भांडणारी माणसे चित्रपटात बाहेरून आलेली आहेत. आतली माणसे सोसणारी आणि कृतज्ञ आहेत.

हा दोष प्रकल्पाचा नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगावयास हवे. आमटे दांपत्याने माडिया भाषा शिकून घेतली, आश्रमशाळा काढली, आणि त्या शाळेतून माडिया समाजातील शिक्षक, वकील, डॉक्टर बाहेर पडले. म्हणजे प्रत्यक्षात रुग्ण खाटेवरून उठला आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. दोष असेल तर तो प्रेमकथेच्या साच्याचा. त्या साच्यात दोनच माणसे मावतात.

साचा मोडता येतो याचा पुरावा याच परिसरातून मिळतो. विलास मनोहर हे हेमलकशाचे कार्यकर्ते. त्यांनी ‘नेगल’मध्ये तेथील प्राण्यांविषयी लिहिले, आणि १९९२ मध्ये ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. दवाखान्याच्या परिसरात वर्षानुवर्षे राहिलेल्या या लेखकाला डॉक्टरांची प्रेमकथा लिहिणे सर्वांत सोपे होते. त्यांनी ती लिहिली नाही. त्यांच्या कादंबरीच्या केंद्रस्थानी माडिया तरुण आहे. जंगलखाते, पोलीस, ठेकेदार यांच्या कात्रीत सापडून तो बंदुकीकडे कसा जातो, याची ती कहाणी आहे. बाहेरून आलेल्याने आतल्या माणसाबद्दल लिहिताना येणाऱ्या मर्यादा तिलाही आहेत. पण दृष्टिकोणाचे केंद्र तिने हलविले. चित्रपटाकडे पाहिले तर, डॉ. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) आठवतो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील त्या चित्रपटात ठाकर नाग्या आणि चिंधी यांचे प्रेम आहे. तेथे प्रेम, अहंकार, देवाशी वैर, सारे आदिवासींचेच. गंमत अशी की, त्यात नाग्या झालेले डॉ. मोहन आगाशे हेच २०१४ मध्ये बाबा आमटे झाले. एकच नट, पण कॅमेरा एकदा डोंगराच्या आतून पाहतो आणि एकदा बाहेरून आलेल्याच्या खांद्यावरून.

पदव्युत्तर वर्गात या विषयाचे अध्यापन करताना एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. ‘प्रकाशवाटा’मधील एखादा रुग्णाचा प्रसंग घ्यावा, चित्रपटातील तत्सम दृश्य पाहावे, आणि तोच प्रसंग रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकाच्या प्रथमपुरुषी निवेदनातून लिहावयास सांगावे. ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशा विद्यार्थ्यांना तो आधी आपल्या भाषेत सांगू द्यावा. आजाराला त्यांच्या भाषेत काय म्हणतात, पुजाऱ्याकडे आधी का जावेसे वाटते, पांढऱ्या बंडीतल्या परक्या माणसाच्या हाती आपले मूल देताना आई नेमके काय पाहते, हे तपशील त्या निवेदनात आपोआप येतात. त्या दोन डॉक्टरांचे एकमेकांवर प्रेम आहे ही गोष्टही तेथे येते, पण वेगळ्या रीतीने. औषध देताना बाई काय म्हणाली आणि बुवाने ते कसे ऐकले, यावरून दारातल्या माणसाने ती ओळखलेली असते.